पाळीव कुत्र्यांतील क्षयरोग

आपल्या मासिकांत गाई-म्हशींच्या रोगांविषयीं माहिती वारंवार येते. लाळ-खुरकूत, फऱ्या, घटसर्प, काससुजी यांचीं लक्षणें आतां बहुतेक शेतकऱ्यांस तोंडपाठ झालीं आहेत. शेळ्या, मेंढ्या व कोंबड्या यांजविषयींही मजकूर असतो. परंतु ज्याच्या भरंवशावर आपण रात्रीं खळें, गोठा व घर सोडून निर्धास्त झोपतों, त्या कुत्र्याविषयीं चार ओळी लिहिण्याचें कोणाच्या मनांत सहसा येत नाहीं. प्रस्तुत लेखक महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेला आहे. सातबाराच्या उताऱ्यांत विहिरीची नोंद होते, झाडांची होते, भावाभावांच्या दाव्याचीही होते. कुत्र्याची होत नाहीं. पशुगणनेच्या वेळीं तेवढा त्याचा आंकडा मांडला जातो आणि पुढें कित्येक वर्षें त्याची कोणास आठवण राहत नाहीं. कुत्र्याचा रोग म्हटला म्हणजे आपणांस एकच ठाऊक असतो, तो म्हणजे पिसाळणें. तो भयंकर आहे यांत संशय नाहीं, व त्यावरील लस कुत्र्यास वेळच्या वेळीं टोंचून घ्यावी हेंही खरें. परंतु आज ज्या रोगाविषयीं लिहावयाचें आहे तो निराळा आहे, आणि त्याची हकीकत सांगतांना लेखकास स्वतःची चूकही सांगावी लागणार आहे.

आमचें गांव कृष्णाकांठीं आहे. घरीं आम्ही उभयतां, मुलगा, सून, तीन वर्षांचा नातू आणि आमचे वृद्ध चुलते असा परिवार होता. चुलत्यांस सारें घर आबा म्हणतें. त्यांचें वय ऐंशीच्या घरांत. त्यांची खाट पडवींत असे, आणि त्या खाटेखालीं सात वर्षें खंड्या नांवाचा आमचा कुत्रा निजत असे. धनगरांच्या वाड्यावरून आणलेलें तें पिलूं. अंगानें बेताचें, परंतु कानाचें फार तिखट. आबांच्या ताटांतील शेवटचा घांस त्याचा, हा घरचा नियम होता. तो चुकला तर आबांस अन्न गोड लागत नसे.

सन २०२३ च्या पावसाळ्यांत आबांस खोकला लागला. ते पूर्वीं विडी ओढीत, तेव्हां हा विडीचाच खोकला असें सर्वांनीं ठरवून टाकलें. बाजाराच्या गांवीं एका खाजगी डॉक्टरकडून औषधाची बाटली आणली. ती संपली तेव्हां दुसरी आणली. खोकला हटला नाहीं. संध्याकाळीं अंग कोमट लागे, पहाटे घामानें बंडी भिजे, जेवण निम्म्यावर आलें. "वय झालं, आतां असंच चालायचं," असें आबाच म्हणत, व आम्हांसही तें सोयीचें वाटे. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला राहिल्यास थुंकी तपासून घ्यावी, अशा मजकुराचा फलक कचेरींत आमच्या टेबलासमोरच कित्येक वर्षें टांगलेला होता. त्याचीं अक्षरें आजही डोळे मिटून वाचतां येतील. रोज दिसणारी वस्तु माणूस वाचीत नाहीं, एवढेंच म्हणतां येईल.

खाटेपाशीं राख घातलेलें एक टमरेल ठेवलेलें असे. परंतु अपरात्रीं आबा पडवीच्या कडेवरून अंगणांत थुंकत आणि खंड्या तें चाटून टाकी. हा किळसवाणा तपशील गाळावा असें लिहितांना दोनदां मनांत आलें. परंतु या लेखाचें मर्मच त्यांत असल्यानें तो ठेवला आहे.

दसऱ्याच्या सुमारास खंड्या उतरूं लागला. आधीं त्यानें भाकरी सोडली. मग कोरडा खोकला सुरू झाला. घशांत कांहीं अडकल्याप्रमाणें मान पुढें ताणून तो खोके व शेवटीं उलटी काढल्यासारखें करी. हाड अडकलें असेल म्हणून मुलानें जबडा उघडून बॅटरीनें पाहिलें. शेजाऱ्यानें हळद-तेल पाजावयास सांगितलें, तें पाजलें. दिवाळी आली तेव्हां त्याच्या बरगड्या मोजतां येत होत्या. चार पावलें चालला कीं थांबून पोट आंतबाहेर करीत धापा टाकी. रात्रीं कोणी परका आला तर एकदां भुंके आणि दुसऱ्या भुंकण्यापुरता दम नसल्यानें नुसता उभा राही.

तेव्हां त्यास तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत नेलें. तेथील डॉक्टर वयानें आमच्या मुलाएवढे. त्यांनीं छातीस नळी लावून दोन्ही बाजूंस बराच वेळ ऐकलें, बोटांनीं ठोकून पाहिलें, आणि मग कुत्र्याकडे न पाहतां आम्हांस विचारलें, "भाऊसाहेब, घरांत कुणाला खोकला आहे का?"

हा प्रश्न आम्हांस आवडला नाहीं. आम्ही कुत्रा दाखविण्यास आलों होतों, घरच्या माणसांचा पंचनामा करून घेण्यास नव्हे. "म्हातारे चुलते आहेत, त्यांचा विडीचा खोकला आहे," असें आम्हीं कांहींशा तुटकपणानेंच सांगितलें.

"किती दिवस?"

"पावसाळ्यापासून."

डॉक्टरांनीं हातांतील लेखणी खालीं ठेवली. "कुत्र्याचं मी बघतो. तुम्ही उद्यां सकाळीं त्यांची थुंकी घेऊन माणसांच्या दवाखान्यांत जा."

या एका प्रश्नासाठींच हा लेख लिहिला आहे. त्याचा आधार काय, हें पुढें त्या डॉक्टरांनीं सवडीनें समजावून दिलें व आम्हींही मिळेल तेवढें वाचलें. तें येथें देतों.

क्षयाचा जंतु रॉबर्ट कॉख यांनीं शोधून काढला व ता. २४ मार्च १८८२ रोजीं बर्लिन येथें जाहीर केला. पुढें सन १८९८ मध्यें अमेरिकेंतील थिओबाल्ड स्मिथ यांनीं माणसांच्या क्षयाचा जंतु व गुरांच्या क्षयाचा जंतु यांत भेद आहे हें दाखवून दिलें. या भेदावर भर देऊन कॉख यांनीं सन १९०१ मध्यें लंडन येथील परिषदेंत असें प्रतिपादन केलें कीं, गुरांच्या क्षयापासून मनुष्यास म्हणण्यासारखें भय नाहीं. एवढ्या थोर पुरुषाचें मत म्हणून प्रकरण तेथेंच दप्तरीं दाखल झालें असतें. परंतु ब्रिटिश सरकारनें त्याच वर्षीं चौकशीसाठीं आयोग नेमला. त्याचें काम दहा वर्षें चाललें व सन १९११ च्या अखेरच्या अहवालांत गुरांचा जंतु माणसास, विशेषतः दुधावाटे लहान मुलांस, बाधतो असा निर्णय आला. तेव्हांपासून माणसाचा रोग जनावरास व जनावराचा माणसास, ही देवघेव शास्त्रज्ञांस मान्य झालेली आहे. आपण मात्र अजून तिची एकच बाजू धरून बसलों आहों. रोग जनावराकडून येतो हें आपण चटकन मानतों. आपल्याकडून जनावराकडे जातो हें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

कुत्र्याच्या शरीरांत या दोन्ही जातींचे जंतु शिरूं शकतात. मांजरास गुरांचा जंतु अधिक करून बाधतो. कुत्र्यास बहुधा माणसाचाच जंतु बाधतो, व याचें कारण उघड आहे. आपल्या खाटेखालीं निजणारा, आपलें उष्टें खाणारा, तोंड चाटणारा व आपण थुंकलेलें हुंगणारा दुसरा प्राणी नाहीं. घरांत क्षयाचा रुग्ण औषधावांचून खोकत असला म्हणजे त्याच्या श्वासांतून उडणारे सूक्ष्म तुषार कुत्र्याच्या फुप्फुसांत जातात, आणि थुंकी व उष्टें यांवाटे जंतु त्याच्या पोटांत जातात. म्हणून कुत्र्याच्या क्षयाचें मूळ शोधावयाचें तें आधीं त्याच घरांतील माणसांत. युरोपांतील मोठमोठ्या शहरांत जेव्हां माणसांत क्षय फार होता, तेव्हां मेलेल्या कुत्र्यांच्या शवविच्छेदनांत तो पुष्कळदां आढळे. माणसांतील रोग हटत गेला तसा कुत्र्यांतीलही हटला. आपल्या देशांत अद्याप जगांतील एकूण क्षयरुग्णांपैकीं सुमारें चौथा हिस्सा आहे, तेव्हां येथें ही गोष्ट विसरून चालणार नाहीं.

याच जातीचा प्रकार दक्षिण भारतांतील पाळीव हत्तींतही दिसून आलेला आहे; तेथेंही माणसाचाच जंतु सांपडला. साखळदंडानें बांधलेल्या हत्तीस खोकणाऱ्या माणसापासून दूर जातां येत नाहीं. कुत्रा मोकळा असूनही दूर जात नाहीं, एवढाच फरक.

येथें एक खुलासा अवश्य केला पाहिजे, नाहीं तर हा लेख वाचून कोणी काठी उचलील. कुत्रा हा मूळचाच या रोगास सहसा बळी न पडणारा प्राणी आहे. कित्येक कुत्र्यांच्या शरीरांत जंतु शिरूनही तीं धडधाकट राहतात. खोकणारें प्रत्येक कुत्रें क्षयी नसतें; किंबहुना बहुतेक नसतात. पिलांचा संसर्गजन्य खोकला, डिस्टेंपर, हृदयाची दुर्बलता, हृदयांतील जंत, घशांत अडकलेलें कुसळ किंवा हाड, म्हातारपणीं फुप्फुसांत होणारी गांठ, अशीं नाना कारणें असतात, व तीं क्षयापेक्षां किती तरी अधिक आढळतात. संशय घ्यावयाचा तो केव्हां? खोकला आठवडेच्या आठवडे टिकला, नेहमींच्या औषधास दाद देत नाहीं, अंगांत बारीक ताप राहतो, खाऊन किंवा न खाऊन कुत्रें वाळतच चाललें, दम लागूं लागला, गळ्याच्या किंवा जबड्याखालच्या गांठी सुजल्या, आणि याच्या जोडीला घरांत कोणी खोकत आहे, अशा वेळीं. रोग पोटांत असला तर उलट्या, जुलाब होतात व पोटांत पाणी सांठतें. क्वचित् चारी पायांचीं हाडें जाड होऊन पाय दुखरे होतात. तें सांध्यांचें दुखणें समजून लोक तेल चोळीत बसतात, आणि खोड असते छातींत.

ओळख पटविणें मात्र सोपें नाहीं. माणसास थुंक म्हटलें कीं तो डबींत थुंकतो. कुत्रें कफ गिळून टाकतें. गुरांस मानेच्या कातडींत ट्यूबरक्युलिन टोंचून बहात्तर तासांनीं सूज मोजतात, तो दाखला कुत्र्यांत विश्वासार्ह ठरत नाहीं. क्ष-किरणानें छातीचें चित्र काढावें लागतें, पण त्यांतील डाग क्षयाचे कीं गांठीचे हें नुसत्या चित्रावरून सांगतां येत नाहीं. गुंगी देऊन श्वासनळींतील धुवण घ्यावें लागतें, किंवा छातींत पाणी असल्यास तें सुईनें काढून तपासावें लागतें. झील-नील्सन पद्धतीनें रंग दिला म्हणजे निळ्या भूमीवर हे जंतु तांबड्या बारीक काड्यांसारखे दिसतात. तरीही ते माणसाच्या जातीचे कीं गुरांच्या, हें ठरविण्यास प्रयोगशाळेंत ते वाढवावे लागतात आणि त्यास कित्येक आठवडे लागतात. हल्लीं जंतूंचें बीजद्रव्य तपासून लवकर निर्णय करण्याची रीतिही निघाली आहे, परंतु ती सोय प्रत्येक तालुक्यांत जनावरांसाठीं नाहीं.

आतां आमची हकीकत. आबांची थुंकी आम्हीं दुसऱ्याच दिवशीं नेली. माणसांसाठीं जी ट्रूनॅट नांवाची तपासणी आहे तिचा निकाल त्याच दिवशीं दुपारीं मिळाला. क्षयाचे जंतु होते. इकडे जिल्ह्याच्या ठिकाणीं खंड्याच्या छातीचें चित्र निघालें. दोन्ही बाजूंस पाणी. तें पाणी काढलें, त्यांत त्या तांबड्या काड्या दिसल्या. एका कागदावर कुत्र्याचा निकाल, दुसऱ्यावर चुलत्यांचा, असे दोन्ही कागद आम्ही एकाच पिशवींत घालून एस. टी. नें घरीं आलों. चाळीस वर्षें कागद सांभाळण्यांत गेलीं, पण असे दोन कागद कधीं हातीं आले नव्हते.

आबांचें औषध लागलीच सुरू झालें. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड व एथॅम्ब्युटॉल हीं चार औषधें पहिले दोन महिने, आणि त्यांतील पायराझिनामाइड वगळून उरलेलीं तीन पुढें चार महिने. सरकारी दवाखान्यांत हीं विनामूल्य मिळतात. एप्रिल २०१८ पासून सुरू झालेल्या निक्षय पोषण योजनेखालीं रुग्णास त्या वेळीं खुराकासाठीं दरमहा ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १००० रुपये झाली आहे. रिफॅम्पिसिननें लघवी तांबूस होते हें आबांस आधीं सांगावयाचें राहून गेलें. पहिल्याच दिवशीं त्यांस वाटलें कीं रक्त चाललें, आणि त्यांनीं गोळ्या उशाखालीं दडविल्या. ज्यांच्या घरीं हें औषध येईल त्यांनीं ही गोष्ट रुग्णास आधींच सांगावी. घरांतील सर्वांच्या छातीचीं चित्रें काढलीं. सुदैवानें दुसऱ्या कोणास रोग नव्हता. नातवास सहा महिने प्रतिबंधक गोळ्या दिल्या, व आम्हां मोठ्या माणसांसही प्रतिबंधक औषध मिळालें.

खंड्याचें काय करावें हा प्रश्न मात्र सुटेना. डॉक्टरांनीं आडपडदा न ठेवतां सांगितलें. कुत्र्यास औषध देतां येतें. बाहेरदेशीं कांहीं कुत्रीं त्यानें बरीं झाल्याचींही उदाहरणें आहेत. परंतु सहा महिन्यांहून अधिक काळ रोज दोन-तीन औषधें त्याच्या पोटांत गेलींच पाहिजेत. तीं यकृतास बाधतात, म्हणून रक्त तपासावें लागतें. मध्येंच सोडलीं तर औषधांस न जुमानणारे जंतु तयार होतात, आणि तें संकट कुत्र्यापुरतें राहत नाहीं. शिवाय इतक्या दिवसांत तो खोकणारच, आणि घरांत तीन वर्षांचें मूल आहे. कुत्र्यापासून माणसास क्षय झाल्याचीं उदाहरणें फारच विरळा आहेत, परंतु तसें होणारच नाहीं अशी हमी कोणी देऊं शकत नाहीं. आणि खंड्याची अवस्था अशी होती कीं, पाणी काढल्यावर चार दिवस बरे जात व पांचव्या दिवशीं पुन्हां तीच धाप.

मुलाचें मत औषध द्यावें असें होतें. सून कांहीं बोलली नाहीं. तिनें नातवास माहेरीं नेलें. आम्हीं आठ दिवस घेतले. त्या आठ दिवसांत खंड्या गोठ्याच्या टोंकाच्या खोलींत बांधलेला होता, आणि आबांची खाट वाऱ्याच्या बाजूस माडीवर नेली होती. दोघे एकमेकांस दिसत नव्हते, पण आबा खोकले कीं तो तिकडून भुंकण्याचा प्रयत्न करी. नवव्या दिवशीं डॉक्टर घरीं आले. त्यांनीं आधीं गुंगीचें इंजेक्शन दिलें, मग दुसरें दिलें. आम्ही डोक्याशीं बसलों होतों. फार वेळ लागला नाहीं.

आमच्या संमतीनें त्यांनीं शरीर उघडून पाहिलें. गुरांच्या क्षयांत चुन्यासारख्या खड्या झालेल्या गांठी सांपडतात, तसें कुत्र्यांत बहुधा नसतें. राखी-पांढुरक्या, मऊ, कर्करोगाच्या गांठींसारख्या दिसणाऱ्या गांठी फुप्फुसांत व छातींतील ग्रंथींत होत्या. नमुना पशुवैद्यक महाविद्यालयाकडे गेला. सुमारें सात आठवड्यांनीं उत्तर आलें, जंतु माणसाच्या जातीचा. तोंपर्यंत आबांचें वजन तीन किलोंनीं वाढलें होतें.

गांवांत बातमी पसरावयास वेळ लागत नाहीं, आणि पसरली ती उलटी. "कुत्र्यानं म्हाताऱ्याला क्षय दिला," असें पारावर ठरलें. दोन दिवसांनीं आळींतील चार मंडळी येऊन म्हणूं लागलीं, "भाऊसाहेब, गल्लींतलीं सगळीं कुत्रीं विष घालून मारूं या." त्यांस बसवून चहा दिला व दोन्ही कागद दाखविले. आबांचा खोकला आषाढांतील, कुत्र्याचा आश्विनांतील. आवक-जावक पाहूनच सांगा, आधीं कोणाचा? कारकुनाची ही युक्ति लागू पडली. कुत्र्यांस विष घालणें हा सन १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याप्रमाणें गुन्हा आहे हेंही सांगितलें. परंतु खरें सांगावयाचें तर कायद्यापेक्षां दुसऱ्याच गोष्टीनें ते गप्प झाले. त्यांतील एकाच्या घरीं आई दोन महिने खोकत होती.

मग शंका निघाली कीं, आबांस घरांत ठेवणें धोक्याचें नाहीं काय? याचें उत्तर मद्रास येथें सन १९५६ पासून झालेल्या प्रयोगानें देऊन ठेवलें आहे. कांहीं रुग्ण आरोग्यधामांत व कांहीं आपापल्या घरींच ठेवून सारखेंच औषध दिलें. घरीं राहिलेल्यांचा गुण कमी आला नाहीं, आणि त्यांच्या घरच्या माणसांस अधिक बाधाही झाली नाहीं. सन १९५९ मध्यें हा निकाल प्रसिद्ध झाला व जगभर उपचाराची रीति पालटली. धोका असतो तो औषध सुरू होण्यापूर्वींच्या महिन्यांत. ते महिने आम्हीं बाटल्यांत घालविले होते.

आतां दुधाविषयीं थोडें, कारण तें शेतकऱ्याच्या अंगणांतलें आहे. गुरांच्या जातीचा जंतु कुत्र्याच्या पोटांत जातो तो कच्च्या दुधावाटे आणि मेलेल्या जनावराच्या मांसावाटे. इंग्लंडमध्यें सन २०१६-१७ च्या हिवाळ्यांत शिकारी कुत्र्यांच्या एका मोठ्या ताफ्यांत गुरांचा क्षय शिरला आणि पुष्कळ कुत्रीं मारावीं लागलीं. मेलेल्या गुरांचें मांस त्यांस खाऊं घालण्याची पद्धति हें त्याचें एक संभाव्य कारण मानलें गेलें. आपल्याकडे धार काढतांना पहिल्या चार चुळका समोर बसलेल्या कुत्र्यास घालण्याची रीत सर्वत्र आहे. पान्हा चांगला सुटतो असें कोणी म्हणतात. खरें म्हणजे कुत्रें आशेनें पाहत असतें व हात राहवत नाहीं. म्हैस निरोगी असेल तर कांहीं बिघडत नाहीं. ती निरोगी आहे हें आपण कशावरून ठरवितों? क्षयी जनावर कित्येक वर्षें दिसण्यास धट्टेंकट्टें असतें.

तोच प्रश्न माणसांच्या धारोष्ण दुधाचा. कोल्हापूरच्या कट्ट्यावर समोर धार काढून पेल्यांत दिलेलें फेसाळ दूध आम्हींही तरुणपणीं प्यालों आहों, त्याची गोडी आम्हांस सांगावी लागत नाहीं. परंतु गुरांचा जंतु उकळीनें मरतो आणि धारेंत जिवंत असतो, ही गोष्ट गोडीनें बदलत नाहीं. दुग्धालयांत दूध ६३ अंशांवर अर्धा तास किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद तापवितात, तें यासाठींच. घरीं एक उकळी पुरते. कच्च्या दुधानें होणारा क्षय पुष्कळदां छातींत न होतां गळ्याच्या गांठींत, म्हणजे गंडमाळेच्या रूपानें, किंवा आंतड्यांत होतो. गुरांच्या जातीच्या जंतूवर पायराझिनामाइड हें औषध मुळींच चालत नाहीं. म्हणून ज्याच्या गळ्यास गांठी आल्या आहेत व ज्यास कच्चें दूध पिण्याची संवय आहे, त्यानें ती गोष्ट डॉक्टरांस आपण होऊन सांगावी. ते विचारतीलच असें नाहीं.

गोठ्यांतील क्षयी जनावराचें काय करावें, हा आपल्याकडे नाजूक प्रश्न आहे. विलायतेंत तपासून रोगी गुरें मारून टाकण्याची पद्धति आहे. आपल्याकडे ती शक्य नाहीं, व महाराष्ट्रांत गोवंशाच्या बाबतींत कायद्यानेंही मनाई आहे. निराळें बांधणें, त्याचें दूध वांसरास, कुत्र्यास किंवा माणसास न देणें, आणि तें मेल्यास माळावर न टाकतां खोल खड्ड्यांत चुना घालून पुरणें, एवढेंच हातीं उरतें. माळावर टाकलेलें जनावर आधीं कोण फाडतें हें सांगावयास नको, आणि तेंच कुत्रें संध्याकाळीं आपल्या अंगणांत येऊन मुलांचे हात चाटतें.

थुंकीची व्यवस्था आम्हीं उशिरां केली, ती अशी. आबांस झांकणाची डबी दिली, तींत पांच टक्के फिनॉलचें पाणी. डबी रोज चुलीवर निराळ्या भांड्यांत उकळून थुंकी पुरून टाकावयाची. खंड्याच्या जागेवरचें पोतें जाळलें. पडवीच्या वरचे पत्रे काढून आठ दिवस थेट ऊन येऊं दिलें. उन्हांत हे जंतु कांहीं तासांत मरतात, अंधाऱ्या दमट कोपऱ्यांत महिनेच्या महिने जगतात. आमच्या पडवीचा तो कोपरा वर्षानुवर्षें अंधारांत होता. आबांस उजेड डोळ्यांवर नको असे, म्हणून आम्हींच तेथें तट्ट्या लावला होता.

आबांस आम्हीं प्रथम इतकेंच सांगितलें कीं, खंड्या आजारानें गेला. "त्यांना दुसरं कांहीं सांगूं नका हो," असें घरांतून बजावलें होतें. परंतु महिनाभरानें पारावरची गोष्ट त्यांच्या कानीं गेली, आणि ते ती उलटी मानावयास तयार नव्हते. शेतकऱ्यास आधीं काय पेरलें व नंतर काय उगवलें हें सांगावें लागत नाहीं. एके सकाळीं गोळ्या हातांत घेऊन ते म्हणाले, "माझ्यापायीं गेला ना रे?" आम्हीं कांहींच बोललों नाहीं. त्यांनीं गोळ्या पाण्याबरोबर घेतल्या. पुढें त्यांची एकही खेप चुकली नाहीं, आणि दवाखान्याच्या कार्डावरील सर्व रकाने भरले.

सन २०२४ च्या मे महिन्यांत त्यांचें औषध संपलें व थुंकी निर्मळ निघाली. पावसाळ्याअखेर धनगरांनीं पुन्हां एक पिलूं देऊं केलें. आबांनीं आधीं दवाखान्याचा कागद आम्हांकडून दोनदां वाचून घेतला, मगच होकार दिला. पिलूं अंगणांत बांधलेलें असतें. त्याची भाकरी निराळ्या ताटलींत असते, दूध उकळलेलें असतें, आणि आबांच्या खाटेखालीं त्यास अद्याप जाऊं दिलेलें नाहीं. त्याचें नांव ठेवावयाचें राहिलें आहे. आबा ठेवूं देत नाहींत.